घरी केलेले लिंबाचे सरबत कडवट का लागते आणि ते जुन्या पद्धतीने कसे करावे?

कडवटपणाचे कारण बहुधा पिळण्यातच असते: शेवटच्या थेंबासाठी साल दाबली किंवा बिया रसात तशाच राहिल्या, की त्यांचा कडूपणा सरबतात उतरतो. म्हणून कागदी लिंबू हलक्या हाताने पिळून रस लगेच गाळून घ्यावा. एका रसदार लिंबाला साधारण दोन पेले पाणी आणि सहा ते आठ लहान चमचे साखर पुरते. चिमूटभर मीठ मात्र हवेच. साखर गार पाण्यात सावकाश विरघळत असल्याने ती आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, त्यात माठातले, शक्यतो वाळा घातलेले पाणी मिसळावे आणि रस अगदी शेवटी घालावा. वेलदोड्याची पूड शोभते. चाट मसाला मला तरी इथे उपरा वाटतो.