वाचकांचे प्रश्न: ‘बाबा’ नावाची मुलगी

प्रश्न: ताई, मी देवगडजवळच्या गावातली, रत्नागिरीत एम.ए. करते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरता भरता आयरिश लेखिका एडना ओब्रायनची ‘द कंट्री गर्ल्स’ ही कादंबरी संपवली. आयर्लंडमध्ये हिच्यावर बंदी होती म्हणे, पण आत ‘तसं’ काहीच नाही! मग एवढा गदारोळ कशाला? पुढचे भाग वाचू का?

उत्तर: हसले गं, कारण मीपण ‘तसं’ शोधतच वाचली होती. आणि खरं सांगू, ‘बाबा’ म्हणजे कुणाचे तरी वडील असंच मी आधी धरून चालले होते, ती निघाली नायिका केटची मैत्रीण ब्रिजेट! केटपेक्षा मला तीच जास्त आवडली, आगाऊ आहे पण रडत बसत नाही.

पुस्तक आलं १९६० साली. सेन्सॉर बोर्डाने बंदी घातलीच, वर लेखिकेच्या गावात पाद्र्याने प्रती जाळल्या असं ती स्वतः सांगायची. आता तेव्हाचा आयर्लंड बघ. गर्भनिरोधकं विकायला १९३५ पासून बंदी, घटस्फोट नाहीच (त्याचा कायदा व्हायला १९९६ उजाडलं), सरकारी नोकरीतल्या बाईचं लग्न झालं की नोकरी गेली, हे तर १९७३ पर्यंत. अशा देशात एक गावची पोरगी कॉन्व्हेंटमधून हाकलली जाते, डब्लिनला किराणा दुकानात कामाला लागते, लग्न झालेल्या, वयाने कितीतरी मोठ्या माणसात जीव गुंतवते आणि हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगते, माफीबिफी न मागता. झोंबलं ते हे. तिने काय केलं त्यापेक्षा तिला काहीतरी हवंय आणि ती ते बोलतेय, याचाच राग.

आपल्याकडे वेगळं काय गं, मुंबईचा चाकरमानी गणपतीला आला की कौतुक, मुलगी एकटी राहायला गेली की ‘थंय काय करता ती?’ माझी आजी तर ‘लोका काय म्हणतली’ याच्यापुढे जायचीच नाही. ओब्रायननेही गावाचं हे पुस्तक लिहिलं ते लंडनला जाऊन.

पुढचे भाग वाचच, दुसरा १९६२चा, तिसरा १९६४चा. तिसऱ्याच्या नावात लग्नातलं सुख आहे, आत शोधून सापडत नाही, पण तिथे बाबा स्वतः बोलायला लागते आणि मजा येते. तिन्ही एकत्र असलेली प्रत मिळाली तर शेवटी १९८६ साली जोडलेला भाग आहे, तो मात्र लगेच वाचू नको, मी रात्री वाचला आणि झोप गेली.