घरी बास गिटार रेकॉर्ड करतो, पण फंक संगीतातल्यासारखा टाइट न येता गढूळच येतो. काय चुकत असेल?

प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली इफेक्टची साधनं) बदलण्याआधी एक करून बघा. बासचा ट्रॅक फक्त क्लिकसोबत, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीसोबत लावा आणि सुरांच्या मधल्या रिकाम्या जागा ऐका. तिथे 'गुंऽऽ' असं काही रेंगाळत असेल तर दोष हातात आहे. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) एक सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १५० मिलिसेकंदांची. सूर याहून लांबला की पुढच्याच्या अंगावर सांडतो, आणि कंप्रेसर (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा इफेक्ट) लावला की ती सांडलवंड आणखी मोठी ऐकू येते.

डी किंवा जी तारेवर वाजवताना मोकळी ई तार आपोआप घुमते. म्हणून उजवा अंगठा पिकअपवर टेकवून ठेवू नका. ए वाजवताना तो ई वर आणि डी-जी वाजवताना ए वर सरकवा, त्याची कड ई ला टेकलेली राहील अशी. डाव्या हाताने सूर तोडताना बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. इथे एक गंमत होते: एकच बोट पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या वर नुसतं टेकलं, तर तार गप्प होण्याऐवजी हार्मोनिक 'टिंग' करते. दोन-तीन बोटं आडवी टेकवा. घोस्ट नोट (सूर न निघता नुसता ठोका ऐकू येणाऱ्या) अशाच वाजवायच्या, नाहीतर 'ठक'च्या जागी सूर निघतो.

एवढं करूनही शेपूट उरत असेल तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा आणि फोम वापरत. पट्टी तारांना जेमतेम टेकावी. जाड झाली तर सूर मरतो. स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकून वाजवायला) मात्र स्पंज नको, आणि तारा राउंडवाउंडच (खरबरीत वेटोळ्याच्या) हव्यात.

आता रेकॉर्डिंग. अँपसमोर माइक ठेवायच्या भानगडीत पडू नका. मोकळी ई ४१ हर्ट्झची असते. छोट्या खोलीत खालचे काही सूर फुगतात, काही गायब होतात. बास थेट ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात नेणाऱ्या डब्याला) जोडा, इन्स्ट्रुमेंट म्हणजे हाय-झेडचं बटण दाबून. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बास लाइन इनपुटला लावला तर पिकअपवर लोड येऊन वरची धार जाते आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो. सगळ्यात जोरकस सूर उणे १२ ते उणे १० डेसिबलवर जाईल इतका गेन पुरे; स्लॅप करणार असाल तर स्लॅप करूनच गेन लावा. जॅझ बास या मॉडेलचा फक्त ब्रिजचा पिकअप फंकला छान लागतो, पण तो हम (विजेची घूं-घूं) उचलतो. स्क्रीनपासून दूर व्हा आणि बसायची दिशा बदलून बघा, हम बराच कमी होतो. वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर १२८ किंवा ६४ सॅम्पलवर आणा, नाहीतर डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज संगणकातून न जाता थेट इंटरफेसवरून ऐकणं) वापरा. उशिरा ऐकत वाजवलेला बास ग्रूव्हवर बसत नाही.

कंप्रेसरचं रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, अटॅक (दाबायला लागण्याआधीचा वेळ) २५-३० मिलिसेकंद, आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीवरून दाब सुरू होतो ती) असा की ४ ते ६ डेसिबल दाबले जातील. अटॅक १ मिलिसेकंदावर ठेवला तर बोटाचा टणकाच चिरडला जातो, आणि फंक तर त्या टणक्यातच असतो. रिलीज (दाब सोडायचा वेळ) ८० ते १२० मिलिसेकंदांत फिरवत बघा. दाब दाखवणारा काटा पुढच्या सुराआधी परत आला पाहिजे.

ईक्यूमध्ये (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) ३५ हर्ट्झखालचं कापा, २५० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करा. बोटांचा बास मिक्समध्ये हरवत असेल तर ८०० हर्ट्झ थोडं उचला, स्लॅपला २.५ किलोहर्ट्झ. किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) जोर ६० हर्ट्झला असेल तर बासला ९०-१०० हर्ट्झवर जागा द्या. हे सगळं ड्रम चालू ठेवूनच ठरवा. एकटा ऐकताना भरदार वाटणारा बास मिक्समध्ये हमखास चिखल करतो.

उरलंसुरलं एडिटिंगमध्ये: स्नेअरवर लोंबणाऱ्या सुरांचं शेपूट स्नेअरच्या किंचित आधी कापा आणि ५-१० मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर 'टिक' ऐकू येईल. सुरांच्या सुरुवाती मात्र सरसकट ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या रेषांना) चिकटवू नका. जो सूर उघड चुकलाय तेवढाच हलवा.