छोट्या स्टार्टअपचा लोगो लोकांची मते घेऊन कसा ठरवावा?

आपण विचारले आहे की नव्या उद्योगासाठी तीन लोगो तयार आहेत, ते ओळखीच्या शंभरेक लोकांना पाठवून ज्याला जास्त मते मिळतील तो निवडला तर चालेल का. मी नाशिकमध्ये चौदा वर्षे ग्राफिक डिझाइनचे काम करते आणि माझे बहुतेक ग्राहक लहान उद्योजकच आहेत. लोकांना अवश्य विचारावे, परंतु मतदान घेऊ नये, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. ‘कोणता आवडला?’ असे विचारले की माणूस स्वतःच्या आवडीनिवडी सांगतो, आणि ओळखीचा माणूस तर आपले मन राखण्यासाठीही उत्तर देतो. आपल्याला जाणून घ्यायचे असते ते वेगळेच: आपले नावही न ऐकलेल्या गिऱ्हाइकाला त्या चिन्हात काय दिसते, नाव वाचता येते का, आणि नंतर त्यातले काय लक्षात राहते.

दोन वर्षांपूर्वी नाचणीचे पदार्थ बनवणाऱ्या एका दांपत्याचे काम माझ्याकडे आले होते. नाचणीचे कणीस हाताच्या बोटांसारखे असते, म्हणून मी पाच बोटांचे, वर पसरलेले कणीस रेखाटले. संगणकाच्या पडद्यावर ते आम्हा तिघांनाही इतके आवडले की पाकिटे छापायला देण्याचीच तयारी झाली होती. तरीही नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे मी ते चिन्ह निव्वळ काळ्या रंगात, दहा रुपयांच्या नाण्याएवढे छापून घेतले, आणि आठवडी बाजारात, किराणा दुकानांत व एका बचत गटाच्या बैठकीत मिळून वीस-बावीस जणांना एकेकटे गाठून दाखवले. पाच सेकंदांनी कागद उलटा करायचा आणि ‘काय दिसलं?’ एवढेच विचारायचे. पहिल्याच दुकानदारांनी ‘पंजा’ असे उत्तर दिले आणि हे प्रचाराचे काम आहे का, अशी चौकशी केली. पुढे आणखी सात-आठ जणांच्या तोंडून तोच शब्द आला. बचत गटातल्या एका आजींनी मात्र कागद पुन्हा मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, “पिकलेलं कणीस असं ताठ नसतं बाई, त्याची बोटं आत वळतात.” मी बोटांची टोके आत वळवली, बोटे पाचाऐवजी सहा केली आणि दांड्याला एक लांब पाते जोडले. नव्या लोकांना ते दाखवले तेव्हा पंजा कोणालाही दिसला नाही. आजींनी लोगो सुचवला नव्हता; त्यांना नाचणी ठाऊक होती, आणि नेमके तेच ज्ञान माझ्याकडे नव्हते.

खुली स्पर्धा घ्यावी, असेही आपल्याला कोणी सुचवेल आणि रुपयाच्या चिन्हाचा दाखला देईल. त्या स्पर्धेत तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या हे खरे, परंतु त्यांतली पाच चिन्हे तज्ज्ञांच्या समितीने निवडली आणि त्यांपैकी डी. उदय कुमार यांच्या चिन्हाला १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. स्वच्छ भारत अभियानाचे चष्म्याचे चिन्हही २०१४ मध्ये नागरिकांकडून मागवलेल्या संकल्पनांमधूनच आले आणि ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र ही देशाची कामे होती. लहान उद्योगाने स्पर्धा घेतली तर अनेक जण विनामोबदला राबतात, आणि आपला व्यवसाय नीट समजून घेण्याइतका वेळ त्यांपैकी कोणालाच मिळत नाही. गॅप या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये लोगो बदलला, टीका होताच लोकांकडून संकल्पना मागवण्याची घोषणा केली, आणि आठवडाभरातच तेही सोडून जुना लोगो परत आणला. याउलट फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१६ मध्ये कच्चे आराखडे लोकांसमोर ठेवले, प्रतिक्रिया बारकाईने वाचल्या, पण निर्णय स्वतःकडेच ठेवून जानेवारी २०१७ मध्ये अंतिम लोगो जाहीर केला. आपल्यासाठी हाच मार्ग मला योग्य वाटतो.

प्रत्यक्ष विचारताना तिन्ही लोगो एकाच माणसाला दाखवू नयेत, कारण मग तो तुलना करू लागतो. रंग सुरुवातीला बाजूलाच ठेवावा. आलेली उत्तरे लोकांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत; एकच गोष्ट चार-पाच अनोळखी माणसांनी आपापली सांगितली तर ती मनावर घ्यावी, आणि ‘जरा मॉडर्न करा’ यांसारख्या सूचना नम्रपणे ऐकून सोडून द्याव्यात. पाकिटे छापणाऱ्यालाही विचारायला विसरू नये. पाउचच्या छपाईत सहसा प्रत्येक रंगाचा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, वेगळा असतो आणि खर्च त्या हिशेबाने वाढतो, हे तोच आपल्याला आधी सांगेल. नाव देवनागरीत असेल तर रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे लहान आकारात शाईने बुजून जातात का, हे वाचायला चष्मा लागणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्यावे.

लोकांसमोर जाण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतेजुळते नाव वा चिन्ह आधीच नोंदलेले नाही ना, हे पाहावे. तो शोध विनामूल्य आहे. ट्रेडमार्क नोंदणीसाठी माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे. त्याहून महत्त्वाची, पण हमखास राहून जाणारी बाब म्हणजे कॉपीराइट. पगारी नोकर नसलेल्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा हक्क साधारणतः त्याच्याकडेच राहतो, आणि तो आपल्याकडे यायचा तर सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. एखाद्या हितचिंतकाने स्वतः चित्र काढून दिले आणि त्यातला भाग आपण वापरणार असाल, तर त्यांच्याशीही असाच कागद करावा आणि त्यांना योग्य तो मोबदला द्यावा.