ह्यूस्टनमधला पहिला हिवाळा आणि बाग

ताई, थंडी आली की बाग बंद, हे आधी मनातून काढा. ह्यूस्टनला मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांचा खरा हंगाम ऑक्टोबरपासूनच सुरू होतो. उन्हाळ्यात लावलेली कोथिंबीर लगेच फुलावर येते, म्हणून घाई नको. धणे हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि दर तीन आठवड्यांनी थोडेथोडे पेरा. इथली चिकण माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. त्यामुळे ८-१० इंच उंच वाफा करून त्यात भरपूर कंपोस्ट घाला. पैसे खर्च करायचेच तर यावर करा, कुंड्या-शोभेचं नंतर बघू.

कढीपत्ता मात्र कुंडीतच ठेवा. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्यात माझं जमिनीत लावलेलं पाच वर्षांचं झाड गेलं, अजून हळहळ वाटते. पारा ४० फॅरनहाइटखाली जाणार असेल तर कुंडी सरळ घरात घ्या.

अंगणातल्या क्रेप मर्टलचे शेंडे कुणी कितीही सांगितलं तरी सपाट छाटू नका. आपल्या तामणाचंच भावंड आहे ते! फेब्रुवारीत फक्त वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. ओकचा पाचोळा गोळा करून वाफ्यावर पसरा.