पाणीकपातीत सोसायटीचं लॉन ठेवावं की काढावं? नागपुरात कमी पाण्याची बाग जमते का?

लॉन काढा, पण सगळं नाही. आणि त्या जागी गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, तर अजिबात बसवू नका.

तुम्ही लिहिलंय की मानेवाड्याकडे तुमची फ्लॅट स्कीम आहे, समोर दीड हजार चौरस फूट लॉन आहे, उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागतो आणि मीटिंगमध्ये तीन तट पडलेत. एकाला गट्टू हवेत, एकाला प्लास्टिकचं गवत, एकाला आहे तेच. आणि व्हिडिओत पाहिलेली अमेरिकेतली दगड-निवडुंगाची बाग इथे जमेल का, हा तुमचा स्वतःचा प्रश्न. मी नागपुरातच बागांची कामं घेते, त्यामुळे ही मीटिंग मला न बघताही दिसतेय.

आधी हिशेब, कारण तिथे तोच कामी येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचं लॉन १४० चौरस मीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये गरम वारे सुटले की गवताला रोज सहा मिलिमीटर तरी लागतं, म्हणजे साडेआठशे लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे तुमचं लॉन सहा माणसांचं पाणी एकटं पितं. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत शंभर दिवस धरा, दहा हजार लिटरचे आठ टँकर झाले. भर दुपारी पाइप लावून माळी गप्पा मारत बसला तर वाया जातं ते वेगळं.

'आपल्याला पेंचचं पाणी आहे, चिंता कशाला' असं कुणी म्हणालं तर २०१९ ची आठवण करून द्या. त्या वर्षी पाऊस लांबला, पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि जुलैमध्ये शहराला दिवसाआड पाणी आलं. आषाढी होऊन गेली होती, नळ मात्र कोरडे. पेंचवर वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालंय, त्यामुळे तोतलाडोहात येणारं पाणी पूर्वीसारखं राहिलेलं नाही. तिकडे भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे वीज बनवायलाही वापरलेलं पाणी. आणि आपण पिण्याचं पाणी गवतावर मारायचं, त्यासाठी वर नळातून पाणी ओढणारा टिल्लू पंप लावायचा!

आता अमेरिकेबद्दल. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला: २०२६ संपल्यावर लास वेगास भागात केवळ शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. रस्त्याच्या दुभाजकातलं, ऑफिसांसमोरचं, सोसायट्यांच्या दारातलं गवत त्यात आलं. लोकांची स्वतंत्र घरं वगळली आणि जिथे मुलं खेळतात ते गवतही राहू दिलं. हा फरक मला पटतो, तो तुम्ही उचला. आठवडाभर बघा, लॉनवर नेमकं कोण, कुठे बसतं. बहुतेक सोसायट्यांमध्ये एका कोपऱ्यात संध्याकाळी खुर्च्या पडतात, बाकीचं गवत फक्त बाल्कनीतून बघायचं असतं. खुर्च्यांचा कोपरा ठेवा.

पण त्यांची बाग जशीच्या तशी इथे आणू नका. लास वेगासला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या दहापट, तोही बहुतेक चार महिन्यांत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला आणि अंबाझरी तलावाखालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आपली अडचण नुसती कोरडेपणाची नाही. चार महिने मुळं पाण्यात आणि पुढचे आठ महिने उन्हात, अशी आहे. काळ्या मातीत घायपात, निवडुंग, कोरफड लावाल तर मे महिना ती मजेत काढतील आणि ऑगस्टमध्ये बुडाशी कुजतील. हात लावला की अख्खं झाड मऊ होऊन हातात येतं, वास तर विचारू नका.

म्हणून आधी माती बघा. दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर वाफे जमिनीपासून फूटभर उंच करा आणि मातीत निम्मा मुरूम मिसळा. घायपात-कोरफडीची हौस असेल तर ती अशाच उंच वाफ्यात, बाकी कुठे नाही.

मोठ्या जागेत मात्र इथलीच झाडं लावा. विदर्भातलं जंगल पानगळीचं आहे. पाणी संपलं की पानं टाकून मोकळं होतं, आणि पावसात पाय ओले राहिले तरी कुरकुर करत नाही. बहावा ऐन उन्हाळ्यात, टँकरशिवाय, पिवळाधमक होतो. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटतो. पळसाचं मोठं रोप आणून लावायच्या फंदात पडू नका, मूळ सरळ खोल जातं आणि हलवलेलं सहसा जगत नाही. मेअखेरीस झाडाखाली चपट्या शेंगा पडतात, टोकाला एकच बी असते. त्या ताज्या शेंगा पहिल्या पावसाला जागेवरच टोचा. वाढायला वेळ घेईल, घेऊ द्या. करंज सावलीला चांगला. सीताफळ तर मुरमात येतं आणि दसरा-दिवाळीला सोसायटीत भांडणं लावतं.

झुडपांत बोगनवेल (पाणी कमी दिलं की जास्त फुलते), अडुळसा, निरगुडी, तगर. कण्हेर चिवट आहे पण विषारी, लहान मुलं असतील तर नकोच. उताराच्या कडेला वाळा लावा. कूलरला जो खस लावतो ती त्याचीच मुळं, खोल जातात आणि माती धरून ठेवतात. जमिनीलगत रंग हवा असेल तर ऑफिस टाइम (पोर्तुलाका), उन्हाची कडक जागा त्याला आवडते. नर्सरीवाला झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस दाखवेल. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली आहे, तुम्ही तरी विकत घेऊ नका.

ठेवलेल्या कोपऱ्यात हरळीच्या जातीचं गवत असू द्या. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळतं ते त्यातलंच. मेमध्ये ते पिवळं पडतं आणि सगळ्यांचा जीव वरखाली होतो. मेलेलं नसतं ते, झोपलेलं असतं. पंधरा दिवसांतून एकदा खोल पाणी द्या, बाकी सोडून द्या, पावसाने हिरवं होतं. रोज थोडं थोडं शिंपडण्याची सवय मोडा, त्याने मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात.

गट्टू आणि प्लास्टिकच्या गवताबद्दल थोडक्यात. दोन्ही तापतात. मेच्या दुपारी प्लास्टिकच्या गवतावर अनवाणी पाय ठेवून बघा आणि मग मत द्या. त्याला थंड करायला शेवटी पाणीच मारावं लागतं! आणि सगळीकडे गट्टू केले की पावसाचं पाणी मुरत नाही, पार्किंगमध्ये येतं. चालायची वाट तेवढी करा, तीही मुरमाच्या थरावर. नुसत्या काळ्या मातीवर बसवलेले गट्टू दुसऱ्या पावसाळ्यात वरखाली होतात.

कामाचा क्रम असा. काढायचं ते गवत मेमध्ये खणा. शेतकरी उन्हाळवाही, म्हणजे उन्हाळ्यातली नांगरट, करतात ती याचसाठी, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी वर येऊन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वाळतात. जूनमध्ये खड्डे, दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड. तोपर्यंत नर्सरीचा मोह आवरा. पुढे ऑक्टोबरपासून बुंध्याभोवती तणस (भाताचा पेंढा) किंवा पालापाचोळा चार इंच अंथरा. फक्त भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, नाहीतर उधई थेट घरात.

आणि हे सभासदांना आधीच सांगून टाका: कमी पाण्याच्या झाडालाही पहिले दोन उन्हाळे पाणी लागतं. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा, दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला, भरपूर. झाडाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं तर आणखी कमी लागतं, कारण पाणी मडक्यातून झिरपत मुळांशीच जातं. मडकं रंगवलेलं नको. तोंडावर फुटकं कौल झाका, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच बागेतून निघतील. वॉशिंग मशीनचं शेवटच्या धुण्याचं पाणी चालतं. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी खारट झालेलं असतं, ते एकाच झाडाला रोज घालू नका.

गच्चीचं पाणी वाया घालवू नका. हजार चौरस फूट गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे नव्वद हजार लिटरच्या वर, थोडं गळालं तरी सत्तर हजार हाती येतं. बोअरजवळ शोषखड्डा करा, पण इमारतीच्या पायापासून दहा फूट तरी दूर. काळी माती फुगते आणि आक्रसते, पायाशी पाणी मुरवलं की भिंतीला तडे.

एक काम मात्र पावसाआधीच करा. मुरूम मेमध्येच मागवून वाफ्यांच्या जागी टाकून घ्या. पाऊस पडल्यावर आत घेतलेला ट्रक काळ्या मातीत रुतला की तो काढायचं भाडं मुरमापेक्षा जास्त होतं.