संगणकाला शब्दांचा अर्थ समजावण्यासाठी ऑन्टॉलॉजी शिकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑन्टॉलॉजी, आरडीएफ, नॉलेज ग्राफ यांत पुढे काम करायचा विचार आहे. पण आता चॅटबॉटला सगळं समजतं म्हणतात. मग हे शिकण्यात अर्थ आहे का, आणि सुरुवात कुठून करावी?'

शिका. नोकऱ्या किती आहेत ते मला विचारू नका, पण शिका. (ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या क्षेत्रातल्या गोष्टी आणि त्यांचे संबंध यंत्राला वाचता येतील असे मांडणं, आरडीएफ ही ते लिहायची पद्धत, आणि नॉलेज ग्राफ म्हणजे अशा जोडलेल्या नोंदींचं जाळं.) मी लिहायला बसले ते तुमच्या 'सगळं समजतं' या दोन शब्दांसाठी. 'हे आणि ते एकच' असं एकाने माझ्यासमोर असंच सहज ठरवून टाकलं होतं, आणि निस्तरावं मला लागलं.

मी सोलापूरची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात एकवीस वर्षं स्टॉक आणि डिस्पॅच बघितलं. तिथे मालक आणि जॉबर (मागांवर देखरेख करणारे) आपसात तेलुगू बोलायचे, हेल्परांमध्ये कन्नड, शिलाईच्या बायकांत मराठी आणि दखनी, बिलं इंग्रजीत. एका मालाला चार नावं असायची आणि कुणाचं काही अडायचं नाही. कुणी 'दुप्पटी' म्हणालं की मी चादरीच्या थप्पीकडे बोट दाखवायचे, तोही मान हलवायचा. कुठलं नाव कुणाच्या तोंडून आलं यावरून माल कळायचा.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्याआधी महिनाभर आमच्याकडे धावपळ, कारण बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक घालायचा होता. ही सगळ्या मालाची जागतिक वर्गवारी. जागतिक सीमाशुल्क संघटनेची, १९८८ पासून चालू. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, आपण पुढे दोन लावून आठ करतो. तुम्ही कॉलेजात पिझ्झाच्या आणि प्राण्यांच्या उदाहरणांवर वर्गीकरण शिकत असाल, तर ते ठेवून हिचं ६३ वं प्रकरण उघडा. ६३०१ मध्ये ब्लँकेटं. ६३०२ मध्ये पलंगावरची, टेबलावरची कापडं, आणि टेरी टॉवेलही तिथेच. ६३०४ मध्ये पलंगपोस. रजई तर या प्रकरणातच नाही, ती ९४०४ मध्ये गादीच्या शेजारी.

आता सोलापुरी चादर कुठे बसवाल? थंडीत पांघरतात. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरतात. पाहुणा आला की सतरंजीवर घालतात, लग्नात आहेर करतात. वर्गवारी विचारते, वापर काय? आणि या एका चादरीला चार वापर आहेत. (आमच्या कर सल्लागारांनी शेवटी जो क्रमांक लावला तो लावला, माझं म्हणणं त्याबद्दल नाही.)

नवीन सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून एक मुलगा आला. हुशार होता, कामाला वाघ होता, ते मी नाकारणार नाही. त्याने आमची आयटमची यादी काढली. साडेअकराशे नोंदी. म्हणाला, 'मॅडम, हे सगळं साफ करावं लागेल. निम्म्या नोंदी डबल आहेत.' काही अंशी खरं होतं. 'टावेल', 'टॉवेल' आणि 'टॉवेल नवीन' अशा तीन नोंदी एकाच मालाच्या होत्या, त्या मीच त्याला दाखवल्या. पण दुपारी जेवून येते तोवर त्याने चादर, दुप्पटी, पलंगपोस आणि बेडशीट अशा चारही एका नोंदीत घातल्या होत्या. मी म्हटलं, असं करू नका. त्याने मोबाइलवर शब्दकोश उघडून दाखवला, 'चादर म्हणजे बेडशीटच ना मॅडम?' शब्दकोशात तसंच होतं.

आमचे जॉबर अण्णा तेव्हा सही घ्यायला आत आले होते. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस. ते ऐकून म्हणाले, 'ओ साहेब, एक अंगावर, एक अंगाखाली. एक कसं होतंय?'

यापेक्षा नेमकी व्याख्या मी आजवर वाचलेली नाही. त्या मुलाने ती ऐकली आणि पुढच्या नोंदीकडे वळला. मालक म्हणाले, एक तारखेला बिलं निघाली पाहिजेत, उरका. उरकलं.

कार्तिकीच्या तोंडावर पंढरपूरच्या एका लॉजवाल्यांची फोनवर ऑर्डर आली. बेडशीट, ६० बाय ९०, फिकट रंग, २४० नग. एकादशीला त्यांच्या खोल्या भरतात. त्या दिवशी मी रजेवर होते, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. टेबलावर नवा पोरगा. त्याने 'बेडशीट' टाइप केलं, समोर '६० बाय ९०, शिल्लक ३१२' आलं, त्याने चलन काढलं. गोडाउनमधून २४० जाड चादरी बांधून टेम्पोत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर फोन, 'ताई, वारकरी संध्याकाळी येणार. मी गादीवर अंथरायला मागवलं होतं. ही पांघरुणं कुठं घालू?' त्यांनी मग पंढरपुरातूनच मिळेल त्या भावाने बेडशीट उचलल्या. आमचा टेम्पो परत आला, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

मीटिंगमध्ये त्या मुलाने सांगितलं, 'सिस्टीम बरोबर आहे, एन्ट्री चुकली.' एन्ट्री माझ्या हाताखाली. टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं माझ्या पगारातून दोन हप्त्यांत कापलं. पैशांचं मी विसरले. पण मला जो कागद दिला त्यावर 'निष्काळजीपणा' असा शब्द होता, आणि तो माझ्या फाइलमध्ये शेवटपर्यंत राहिला.

टाळेबंदीत माझ्या भाचीचा ऑनलाइन कोर्स चालू होता, तुमचाच विषय. तिच्या शेजारी बसून मीही व्हिडिओ बघायचे. एके दिवशी त्यात 'सेमअ‍ॅज' आलं. ऑन्टॉलॉजी लिहायची ओडब्ल्यूएल नावाची जी भाषा २००४ मध्ये वेबच्या मानकांत आली, तिच्यातला हा संबंध. दोन गोष्टींमध्ये तो लावला की एकीबद्दल जे जे खरं ते दुसरीबद्दलही खरं, असं यंत्र धरून चालतं. वजन, वापर, शिल्लक, सगळं. मी भाचीला व्हिडिओ थांबवायला लावला. पुण्याच्या मुलाने आमच्या यादीत नेमकं हेच केलं होतं, नाव न घेता. त्यानंतरच्या धड्यात एसकेओएस आलं, शब्दांच्या याद्या आणि वर्गवाऱ्या मांडायचं वेबचं मानक, २००९ चं. त्यात 'तंतोतंत जुळतं' आणि 'जवळपास जुळतं' असे दोन वेगळे संबंध आहेत. शिवाय 'हा त्याहून व्यापक', 'हा त्याहून अरुंद', 'याचं दुसरं नाव' हेही. म्हणजे चादर आणि बेडशीट जवळपास जुळतात एवढंच म्हणायची सोय २०१७ च्या आठ वर्षं आधीपासून होती. त्याने ती वापरली नाही, आणि निष्काळजीपणा माझ्या नावावर लागला.

आता चॅटबॉट. शब्दांना आकड्यांत बसवायची जी पद्धत २०१३ मध्ये वर्डटूव्हेकमुळे सगळीकडे गेली, तिचं मूळ साधं आहे: जे शब्द एकसारख्या शेजारात येतात ते जवळ ठेवायचे. चादर, बेडशीट, रजई, उशी जवळ येणारच. 'गरम' आणि 'थंड' हेसुद्धा जवळ येतात, कारण दोघांच्या आगेमागे पाणी, चहा, हवा हेच शब्द. आजची मॉडेलं त्याच्या फार पुढे गेली आहेत, पूर्ण वाक्य बघून शब्दाची जागा ठरवतात. तरी जवळ असणं आणि एक असणं यातला फरक कुणीतरी सांगावा लागतो, आणि तो अण्णांसारख्या माणसाला माहीत असतो. तो कुठे लिहून ठेवलेलाच नसेल तर मॉडेलने वाचायचा कुठून? आमच्या जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राच्या, कार्डात मोर नसतो. भोक आहे तिथे सूत वर उचलायचं, नाही तिथे नाही, एवढंच त्या पुठ्ठ्यात असतं. ग्राफवर मोर काढणारा आणि मोर म्हणून विकत घेणारा, हे दोघं कार्डाच्या बाहेर असतात.

सुरुवात कुठून? प्रोटेजेसारखं ऑन्टॉलॉजी बनवायचं साधन पहिल्याच दिवशी उघडू नका. ते फुकट आहे, चांगलं आहे, पण रिकाम्या पडद्यावर माणूस आपल्या डोक्यातलीच वर्गवारी काढत बसतो. एक धंदा धरा, किराणा, भुसार, काहीही, आणि त्यातले शंभर शब्द वहीत लिहा. त्या प्रकरणानंतर मी अशी वही घातली होती. तीन रकाने: शब्द, कोण म्हणतं, दाखवलं काय. तिसरा रकाना सर्वांत कामाचा.

त्या वहीतलं एक पान सांगते. सुताच्या चिठ्ठीवर अण्णांच्या हाताने 'पच्च ४० किलो' लिहिलेलं होतं. मी त्यांना विचारलं, हिरवं का? म्हणाले, 'कुठलं पच्च ते विचारायचं ताई.' तेलुगूत पसुपुपच्च म्हणजे हळदीसारखं पिवळं आणि आकुपच्च म्हणजे पानासारखं हिरवं. नुसतं 'पच्च' दोन्हींकडे जातं. ते मागे गेले आणि दोन लडी घेऊन आले, एक पिवळीधमक, एक पोपटी. दोन्हींचा वीतभर तुकडा तोडून मी पानाला टाचला. चाळीस किलो पिवळं होतं. संगणकात मात्र एका नोंदणाऱ्याने ते 'ग्रीन' म्हणून चढवून ठेवलं होतं.

हे समजलं की आरडीएफ एका दुपारचं काम आहे. वस्तू, संबंध, वस्तू, अशा तीन-तीन तुकड्यांची विधानं. मग विकिडेटा बघा, विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा. २०१२ पासून चालू आहे, आणि तिथे प्रत्येक गोष्टीला आधी क्रमांक असतो, नावं नंतर, प्रत्येक भाषेतलं वेगळं. सोलापूर, शोलापूर, तेलुगूतलं, कन्नडमधलं, सगळी एकाच क्रमांकाला लटकवलेली. नाव आणि वस्तू वेगळी ठेवायची सवय तिथे लागते. आणि कुठेही काम करताना दोन नोंदी एक करायच्या आधी तो माल हातात धरणाऱ्या दोघांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर कारण लिहून घ्या, आणि एक केल्याच तर कुणाच्या सांगण्यावरून केल्या ते नोंदीतच ठेवा. तेवढं एक नाव त्या यादीत असतं तर माझ्या फाइलमधला कागद दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये गेला असता. तो मुलगा आज मोठ्या पदावर असेल. हे वाचत असेल तर त्याने अण्णांचं वाक्य आठवून बघावं.

दोन गोष्टी राहिल्या. मी बी.कॉम. आहे, प्रोग्रॅमर नाही. जाणकार म्हणतील की 'सेमअ‍ॅज' एकेका नगासाठी असतं, चादर-बेडशीटसारख्या वर्गांना समतुल्य म्हणायचा संबंध वेगळा आहे. बरोबर आहे, पण वापर आणि वजन वर्गालाच चिकटवलेलं असलं की नुकसान तेच होतं. आणि साफसफाई करूच नये असं मी म्हणत नाही, साडेअकराशे नोंदींतल्या तीनशे तरी खरोखर फालतू होत्या.

सध्या भाची ती वही प्रोटेजेमध्ये उतरवते आहे. चारशेच्या वर शब्द झाले. परवा 'रामा'पाशी अडली. रामा रंग हिरव्याखाली घालू की निळ्याखाली? शिलाईच्या बायका हिरवा म्हणायच्या, रंगखात्यातले निळा. मी म्हटलं, दोन्हींखाली घाल, एसकेओएसमध्ये चालतं ते, आणि कोण काय म्हणतं तेही लिही. त्या पानावर सूत टाचलेलं आहे, त्याचा उजेडात फोटो काढून जोड.