आईचं वय ६२, अंडाशयाचा कॅन्सर, स्टेज ३. नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळे आकडे दिसतात, कोणता धरायचा?

आधी स्टेज आणि गाठीचा प्रकार बघा. वय त्यानंतर, देश सगळ्यात शेवटी. अमेरिकेच्या नोंदींत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण एकूण साधारण ५०% आहे. पण आजार अंडाशयापुरता असेल तर ९०% च्या वर आणि लांब पसरलेला असेल तर ३०% च्या आसपास. पोटाच्या अस्तरावर पसरलेली स्टेज ३ तिथे या शेवटच्या गटात मोजतात, जवळपास पसरलेल्यांच्या मधल्या गटात नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. तरुण वयातले आकडे चांगले दिसतात, कारण त्यांच्यात जर्म सेल गाठी (बीजपेशींपासून होणाऱ्या) जास्त असतात आणि त्या केमोला छान दाद देतात; शिवाय साठीनंतर मोठी शस्त्रक्रिया आणि पूर्ण डोस झेपणं अवघड जातं. देशादेशांतला फरक मुख्यतः निदान कधी झालं, सर्जन किती तरबेज आणि रुग्णांचा पाठपुरावा किती नीट, यातून येतो. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आहे, तरी परळच्या टाटात लांबून येणारे रुग्ण तिच्या हद्दीबाहेरचे, म्हणून तिच्या आकड्यांत नसतात.

डॉक्टरांना एवढं विचारा:
- प्रकार आणि ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) काय?
- ऑपरेशननंतर डोळ्यांना दिसणारी गाठ उरली का?
- बीआरसीए (कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष) तपासणी झाली का?

मात्र हे आकडे काही वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचे. पार्प इनहिबिटर (कॅन्सर पेशींची डीएनए-दुरुस्ती रोखणाऱ्या) गोळ्यांचा फायदा त्यांत पुरता उतरलेला नाही.